काट्यावरचा फोन तुटू नये म्हणून: मॅनेज्ड स्विचवर ट्रॅफिक वर्गीकरणाचे नियम

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप यांची नेटवर्कं उभी करणं आणि सांभाळणं हे माझं काम. इथल्या बहुतेक कंपन्यांची मांडणी एकसारखी असते. ऑफिसच्या इमारतीत सर्व्हर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर आणि मुख्य स्विच, शेडमध्ये एखाद-दुसरा स्विच आणि गेटजवळ वजनकाट्याची केबिन. केबिनमध्ये एक छोटा स्विच, त्यावर आयपी फोन, काट्याचं सॉफ्टवेअर चालवणारा पीसी आणि चार-सहा कॅमेरे. केबिनपासून ऑफिसपर्यंत फायबर, दोन्ही टोकांना फायबर आणि तांब्याची केबल यांना जोडणारा मीडिया कन्व्हर्टर आणि तो बहुधा १०० मेगाबिटचा.

तक्रारही ठरलेली असते. काट्यावरून ऑफिसला फोन लावला की आवाज तुटतो, पावती निघायला वेळ लागतो, भरलेली गाडी काट्यावरच उभी राहते आणि मागे गाड्यांची रांग गेटबाहेर जाते. लोक फोन बदलतात, केबल बदलतात, वेगवान इंटरनेट घेतात. पण हा कॉल इंटरनेटवर जातच नाही. अडचण त्या १०० मेगाबिटच्या दुव्यावर आहे आणि तिच्यावरचा उपाय तुमच्या मॅनेज्ड स्विचमध्ये, म्हणजे कमांड देऊन नियम लावता येतात त्या स्विचमध्ये, आधीपासून आहे: ट्रॅफिकचं वर्गीकरण. तो कसा लावायचा ते इथे सांगते. उदाहरण सिस्कोच्या कॅटलिस्ट ९२०० मालिकेचं घेतलं आहे. केबिनसाठी मला त्यातला पंखा नसलेला छोटा ९२००सीएक्स आवडतो, कारण फाउंड्रीच्या धुळीत पंखा फार दिवस टिकत नाही. जुन्या २९६०-एक्सवाल्यांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. स्विचवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

आधी अडतंय कुठे ते शोधा

दीड हजार बाइटचं एक पॅकेट १०० मेगाबिटच्या दुव्यावरून जायला साधारण ०.१२ मिलिसेकंद लागतात. एकट्या पॅकेटचं काहीच नाही. पण काट्याच्या पीसीवरून गाड्यांचे फोटो आणि डेटाबेस एनएएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या डब्यावर, कॉपी व्हायला लागले की ती कॉपी जेवढी जागा मिळेल तेवढी सगळी घेते, कारण टीसीपी या डेटा पोचवण्याच्या पद्धतीचा स्वभावच तो. आता अपलिंकच्या, म्हणजे केबिनच्या स्विचमधून ऑफिसकडे जाणाऱ्या दुव्याच्या, रांगेत पाचशे पॅकेटं उभी आहेत असं धरा. फोनचं पॅकेट त्यांच्या मागे लागलं तर ६० मिलिसेकंद तिथेच गेले. संभाषण सहज वाटावं यासाठी एका दिशेचा सगळा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते. शिवाय रांग कमी-जास्त होते तसा उशीरही कमी-जास्त होतो आणि रांग भरली की पॅकेटं टाकून दिली जातात. आवाज तुटतो तो या दोन गोष्टींमुळे.

म्हणून पहिलं काम कमांड लिहिण्याचं नाही. केबिनमधल्या माणसाला एकच प्रश्न विचारा: तुटका आवाज तुम्हाला ऐकू येतो की समोरच्याला? काट्यावरच्याला सगळं स्वच्छ ऐकू येतंय आणि ऑफिसवाला ‘हॅलो, हॅलो’ करतोय, असं असेल तर केबिनमधून बाहेर पडणारी वाट भरली आहे. उलट असेल तर ऑफिसच्या स्विचचा केबिनकडे जाणारा पोर्ट बघायचा. कॅमेरे आणि बॅकअप केबिनमधून ऑफिसकडे जातात, त्यामुळे पहिलाच प्रकार जास्त भेटतो. मग त्या पोर्टवर ‘शो इंटरफेसेस’ द्या आणि टोटल आउटपुट ड्रॉप्स हा आकडा लिहून ठेवा. बॅकअप चालू असताना पाच मिनिटांनी पुन्हा बघा. आकडा वाढत असेल तर जागा सापडली. तो हलत नसेल आणि सीआरसीच्या चुका (वाटेत बिघडलेली पॅकेटं) वाढत असतील तर फायबर किंवा कन्व्हर्टर खराब आहे. तिथे वर्गीकरणाचा काही उपयोग नाही.

केबिनला फायबरऐवजी वायरलेस ब्रिज असेल तर एक गोष्ट नक्की तपासा. स्विचचा पोर्ट आणि रेडिओ यांच्यातला दुवा १ गिगाबिटचा असतो, पण हवेतून तेवढं जात नाही. मग रांग स्विचमध्ये लागण्याऐवजी रेडिओत लागते आणि तुमचे नियम कितीही चांगले असले तरी त्यांच्यावर काम करण्याची वेळच येत नाही. रेडिओ कायम १०० मेगाबिटच्या वर देत असेल तर त्या पोर्टवर ‘स्पीड ऑटो १००’ द्या. यात ऑटो-निगोशिएशन, म्हणजे दोन टोकांनी वेग आपसांत ठरवणं, चालू राहतं, फक्त १००चाच वेग कबूल केला जातो, त्यामुळे डुप्लेक्सचा (एकाच वेळी दोन्ही दिशांनी पाठवायचं की नाही याचा) घोळ होत नाही. रांग स्विचमध्ये आली की ती तुमच्या ताब्यात आली.

मार्किंग कोण करणार

प्रत्येक आयपी पॅकेटच्या हेडरमध्ये डीएससीपी नावाचे ६ बिट असतात, म्हणजे ० ते ६३ मधला एक आकडा. १९९८ सालच्या आरएफसी २४७४ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजापासून ही पद्धत आहे. स्विच वर्गीकरण करतो म्हणजे पॅकेट ओळखतो आणि हा आकडा लिहितो. पुढचे सगळे स्विच तेवढा आकडा वाचून त्याला रांग देतात.

कॅटलिस्ट ९२०० वायरच्या पोर्टवर आलेल्या पॅकेटचा डीएससीपी मुळातच खरा धरतो. म्हणजे कुणाच्याही लॅपटॉपने स्वतःच्या डाउनलोडवर ४६ लिहिलं तर ते फोनच्या बरोबरीला जाऊन बसतं. त्यामुळे माझा नियम ठरलेला आहे: जिथे उपकरण स्विचला जोडलं जातं त्या पहिल्याच पोर्टवर मार्किंग आपण करायचं, एकदाच करायचं आणि स्विच ते स्विच दुव्यांवर ते तसंच मानायचं. मधल्या स्विचवर पुन्हा ओळख पटवत बसू नये. दोन ठिकाणी नियम लिहिले की सहा महिन्यांनी ते एकमेकांशी जुळत नाहीत आणि दोष कुठे आहे ते कुणालाच कळत नाही.

क्लास, म्हणजे ट्रॅफिकचे गट, सहाच्या वर नेऊ नका. काट्याच्या केबिनसाठी मी हे वापरते: आवाजाला ईएफ म्हणजे ४६, फोनच्या सिग्नलिंगला (कॉल लावणं-तोडणं) सीएस३ म्हणजे २४, काट्याच्या डेटाबेसला एएफ२१ म्हणजे १८, कॅमेऱ्यांना सीएस५ म्हणजे ४०, बॅकअपला सीएस१ म्हणजे ८ आणि उरलेल्या सगळ्याला ०. आरएफसी ४५९४ वाचलीत तर तिथे सिग्नलिंगला सीएस५ आणि पाळतीच्या व्हिडिओला सीएस३ असं उलट दिसेल. सिस्कोच्या वापरात हे दोन अदलाबदल झालेले आहेत. फोनही सिस्कोचे असतील तर सिस्कोची पद्धत धरा. जी धराल ती सगळ्या स्विचवर एकच ठेवा.

ओळख पटवण्याचे नियम

नियम एसीएलने, म्हणजे पत्ता आणि पोर्ट बघून पॅकेट निवडणाऱ्या यादीने, लिहायचे. फोनचं सबनेट १०.२०.३०.०, कॅमेऱ्यांचं १०.२०.४०.०, काट्याचा पीसी १०.२०.१०.२५, डेटाबेस सर्व्हर १०.२०.१.१० आणि एनएएस १०.२०.१.२० असं धरू.

आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड एसीएल-व्हॉइस
परमिट यूडीपी १०.२०.३०.० ०.०.०.२५५ एनी रेंज १०००० २००००
परमिट यूडीपी १०.२०.३०.० ०.०.०.२५५ एनी रेंज १६३८४ ३२७६७

दोन ओळी का, तर पोर्टचा आकडा (इथे स्विचचा पोर्ट नव्हे, पॅकेट कोणत्या कामाचं ते सांगणारा क्रमांक) पॅकेट ज्याच्याकडे जातंय त्याचा असतो. ॲस्टेरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या पीबीएक्समध्ये (ऑफिसचं फोन एक्सचेंज) आरटीपीची, म्हणजे आवाजाच्या पॅकेटांची, रेंज बहुधा १०००० ते २०००० असते, त्यामुळे फोनकडून पीबीएक्सकडे जाणारा आवाज पहिल्या ओळीत सापडतो. दोन फोन थेट एकमेकांशी बोलतात तेव्हा समोरच्या फोनची रेंज लागते. सिस्कोच्या फोनवर ती १६३८४ ते ३२७६७ असते, दुसऱ्या कंपनीचा फोन असेल तर त्याच्या वेब पानावर बघून घ्या. नुसती पोर्टची रेंज देऊन सबनेट सोडू नका. इतक्या मोठ्या रेंजमध्ये कुठलंही यूडीपी येऊन बसतं.

सिग्नलिंगसाठी त्याच सबनेटवरून यूडीपी आणि टीसीपी ५०६०, एनक्रिप्शन असेल तर टीसीपी ५०६१. काट्यासाठी:

आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड एसीएल-काटा
परमिट टीसीपी होस्ट १०.२०.१०.२५ होस्ट १०.२०.१.१० ईक्यू १४३३

१४३३ हा मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरचा नेहमीचा पोर्ट. तुमचा डेटाबेस वेगळा असेल तर तो आकडा. इथे बरेच जण सोपं म्हणून ‘परमिट आयपी होस्ट १०.२०.१०.२५ एनी’ लिहितात, म्हणजे काट्याच्या पीसीचं सगळंच महत्त्वाचं. पण बॅकअपही त्याच पीसीवरून निघतो. मग ज्याला मागे ठेवायचं तेच पावतीच्या रांगेत येऊन बसतं आणि नियम लावूनही काही फरक पडला नाही असं वाटतं. उपकरण महत्त्वाचं नसतं, त्याचं एखादं काम महत्त्वाचं असतं. नियम त्या कामापुरताच लिहा.

कॅमेऱ्यांचं मात्र उलट. आरटीएसपीचा, म्हणजे कॅमेऱ्याकडून व्हिडिओ मागवण्याच्या पद्धतीचा, ५५४ पोर्ट पकडला तरी व्हिडिओ कधी त्याच टीसीपी जोडणीतून येतो, कधी आयत्या वेळी ठरलेल्या यूडीपी पोर्टवरून. कॅमेरा व्हिडिओशिवाय फारसं काही पाठवत नाही, त्यामुळे तिथे ‘परमिट आयपी १०.२०.४०.० ०.०.०.२५५ एनी’ हे पुरे. बॅकअपसाठी एनएएसचा पत्ता आणि टीसीपी ४४५. नुसता ४४५ देऊ नका, ऑफिसचं रोजचं फाइल शेअरिंगही त्याच पोर्टवर चालतं.

मग प्रत्येक एसीएलला एक क्लास-मॅप:

क्लास-मॅप मॅच-एनी सीएम-व्हॉइस
मॅच ॲक्सेस-ग्रुप नेम एसीएल-व्हॉइस

‘मॅच-एनी’ लिहायला विसरू नका. काहीच लिहिलं नाही तर स्विच ‘मॅच-ऑल’ धरतो. एकच अट असेल तोवर फरक पडत नाही. उद्या कुणी दुसरी अट घातली की दोन्ही पूर्ण करणारं पॅकेट सापडत नाही आणि क्लास रिकामा राहतो.

आता पॉलिसी:

पॉलिसी-मॅप पीएम-इन
क्लास सीएम-व्हॉइस
सेट डीएससीपी ईएफ
क्लास सीएम-सिग्नल
सेट डीएससीपी सीएस३
क्लास सीएम-बॅकअप
सेट डीएससीपी सीएस१
क्लास सीएम-काटा
सेट डीएससीपी एएफ२१
क्लास सीएम-कॅमेरा
सेट डीएससीपी सीएस५
क्लास क्लास-डिफॉल्ट
सेट डीएससीपी डिफॉल्ट

स्विच वरून खाली वाचतो आणि जिथे पहिल्यांदा जुळलं तिथे थांबतो. अरुंद नियम वर, रुंद नियम खाली. शेवटची ओळ छोटी दिसते, पण माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच. ती नसेल तर कुठल्याच क्लासमध्ये न बसलेलं पॅकेट स्वतःचा डीएससीपी घेऊन तसंच पुढे जातं आणि लॅपटॉपने लिहिलेला ४६ मुख्य स्विचपर्यंत पोचतो.

पॉलिसी उपकरणांच्या पोर्टवर लावा, अपलिंकवर नको:

इंटरफेस रेंज गिगाबिटइथरनेट १/०/१ - ८
सर्व्हिस-पॉलिसी इनपुट पीएम-इन

रांगा

नुसत्या मार्किंगने आवाज सुधारत नाही. अपलिंकवर बाहेर जाताना त्या आकड्याला वेगळी रांग द्यावी लागते. त्यासाठी दुसरे क्लास-मॅप करा, एसीएल न घेता फक्त ‘मॅच डीएससीपी’ वापरणारे. सिग्नलिंग आणि काटा मी एकाच रांगेत घालते, दोन्हींचा पसारा लहान आहे.

पॉलिसी-मॅप पीएम-आउट
क्लास क्यू-व्हॉइस
प्रायॉरिटी लेव्हल १ परसेंट १०
क्लास क्यू-काटा
बँडविड्थ रिमेनिंग परसेंट २५
क्लास क्यू-कॅमेरा
बँडविड्थ रिमेनिंग परसेंट ५०
क्लास क्यू-बॅकअप
बँडविड्थ रिमेनिंग परसेंट ५
क्लास क्लास-डिफॉल्ट
बँडविड्थ रिमेनिंग परसेंट २०

आवाजाला १० टक्के म्हणजे १० मेगाबिट. जी.७११ कोडेकचा (आवाजाचा डेटा करण्याची पद्धत) कॉल सेकंदाला ५० पॅकेटं पाठवतो, प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट हेडर. इथरनेटचं ओझं धरूनही एका दिशेला १०० किलोबिटच्या आतच बसतो. म्हणजे या जागेत शंभर कॉल मावतील आणि केबिनमध्ये फोन एक आहे. प्रायॉरिटीची जागा ‘असू दे जास्त’ म्हणून ५० टक्के करायची नाही, तिच्यामुळे बाकीच्या रांगा उपाशी राहतात. कॅमेऱ्यांचे ५० टक्के उरलेल्या ९० मेगाबिटचे, म्हणजे ४५. सहा कॅमेरे प्रत्येकी ४ मेगाबिट धरले तर २४ होतात, पण पूर्ण चित्राची फ्रेम येते तेव्हा क्षणभर उसळी येते, ती मावली पाहिजे. बॅकअपला ५ टक्के बघून मालक घाबरतात. त्यांना सांगा, ही कमीत कमी जागा आहे. बाकीचे गप्प असतील तेव्हा बॅकअपला सगळी वाट मोकळी असते.

‘सर्व्हिस-पॉलिसी आउटपुट पीएम-आउट’ अपलिंकवर द्या. ऑफिसच्या स्विचच्या केबिनकडे जाणाऱ्या पोर्टवरही द्या, आणि तिथे पीबीएक्स, सर्व्हर व एनएएस यांच्या पोर्टवर इनपुट पॉलिसी. उलट दिशेत पोर्टचा आकडा स्रोताच्या जागी येतो: एनएएसकडून येणाऱ्या पॅकेटसाठी ‘परमिट टीसीपी होस्ट १०.२०.१.२० ईक्यू ४४५ एनी’. केबिनचीच एसीएल तशीच्या तशी ऑफिसच्या स्विचवर चिकटवली तर तिथे एकही पॅकेट जुळणार नाही.

जुना २९६०-एक्स असेल तर

तिथे ‘एमएलएस क्यूओएस’ ही कमांड दिल्याशिवाय यातलं काहीच चालत नाही. ती दिल्या क्षणी सगळे पोर्ट अविश्वासू ठरतात आणि डीएससीपी ० केला जातो, अपलिंकवर आलेल्या पॅकेटचाही. म्हणून त्या आधी अपलिंकवर ‘एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डीएससीपी’ देऊन ठेवा. आणखी एक: ती कमांड दिल्यावर पोर्टचा बफर चार रांगांत वाटला जातो, त्यामुळे जिथे बहुतेक ट्रॅफिक एकाच रांगेत आहे तिथे ड्रॉप आधीपेक्षा वाढलेले दिसू शकतात. बाहेर जाण्याच्या रांगांची मांडणी इथे वेगळ्या, एसआरआर-क्यूच्या कमांडने होते, त्या रांगांचे बफर दुरुस्त केल्याशिवाय काम पूर्ण झालं समजू नका. या मॉडेलवर ‘शो पॉलिसी-मॅप इंटरफेस’चे आकडे भरवशाचे नाहीत, ‘शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस’ पुढे पोर्ट आणि ‘स्टॅटिस्टिक्स’ लिहून बघा.

तपासणी

दुरून काम करत असाल तर आधी ‘रीलोड इन १०’ द्या. कॉन्फिगरेशन सेव्ह करायचं का असं तो विचारेल, नाही म्हणा. नियम लावताना स्वतःचाच संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगरेशनवर परत येईल. सगळं ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’. केबिनचा फोन-कॅमेरा त्या रीस्टार्टमध्ये बंद पडतो, म्हणून हे गाड्यांच्या गर्दीच्या वेळी करू नका.

आता केबिनमधल्या माणसाला एक कॉल लावून बोलत राहायला सांगा आणि ‘शो पॉलिसी-मॅप इंटरफेस’ त्याच्या पोर्टवर बघा. व्हॉइस क्लासचा आकडा सेकंदाला सुमारे ५० पॅकेटांनी वाढला पाहिजे. वाढ क्लास-डिफॉल्टमध्ये दिसली तर एसीएलची रेंज चुकली आहे. फोनच्या वेब पानावर चालू कॉलचा पोर्ट दिसतो, तो बघून रेंज दुरुस्त करा. अशी तपासणी न करता नियम लावून निघून जाणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. क्लास रिकामाच असतो, आणि रिकामा क्लास कसलीही चूक दाखवत नाही.

दुसरी तपासणी फसवणुकीची. लिनक्सच्या लॅपटॉपवरून ‘पिंग’ला कॅपिटल क्यू हा पर्याय देऊन १८४ हा आकडा द्या. डीएससीपीचे ६ बिट हेडरमधल्या टीओएस नावाच्या बाइटमध्ये वरच्या बाजूला असतात, म्हणून ४६ गुणिले ४ बरोबर १८४. मग ‘मॉनिटर सेशन’ने अपलिंकची नक्कल एका मोकळ्या पोर्टवर घेऊन पॅकेट उघडून दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये ते पिंग शोधा. डीएससीपी ० दिसला पाहिजे. नक्कल अपलिंकच्या बाहेर जाणाऱ्या दिशेची घ्या, म्हणजे टीएक्स. लॅपटॉपच्या पोर्टची आत येणारी दिशा घेतली तर पॅकेट मार्किंगच्या आधीच टिपलं जातं, तिथे ४६च दिसणार आणि तुम्ही उगाच नियम उलटेपालटे करत बसाल.

शेवटी बॅकअप हाताने सुरू करा, तो चालू असताना कॉल लावा आणि काट्यावरून एक पावती काढा. आवाज स्वच्छ, पावती लगेच, तर ‘राइट मेमरी’ द्या आणि प्रत्येक पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये त्यावर काय जोडलंय ते लिहून टाका.

आठवड्याने अपलिंकच्या पॉलिसीचे आकडे परत बघा. बॅकअपमध्ये ड्रॉप असतील तर ते अपेक्षितच आहेत, टीसीपी ते पुन्हा पाठवतो. व्हॉइसमध्ये एकही ड्रॉप नको. असेल तर त्या क्लासमध्ये आवाजाशिवाय दुसरं काहीतरी शिरलं आहे, पुन्हा एसीएलकडे या. कॅमेऱ्यांमध्ये ड्रॉप वाढत असतील आणि गेटवर आणखी कॅमेरे बसवायचे ठरत असेल, तर टक्के इकडचे तिकडे करत बसण्यात अर्थ नाही. मालकांना १ गिगाबिटचे कन्व्हर्टर घ्यायला सांगा. फायबर आहे तेच चालतं, फक्त कन्व्हर्टर त्याच प्रकारच्या फायबरचा घ्या, सिंगल मोड असेल तर सिंगल मोडचाच.